इंजिनाचा पिवळा दिवा

चहा ठेवलाय, नीरजा, तोवर ऐक. पिकअप विकली का म्हणून विचारलंस ना? घरात कुणाला काही सांगितलेलं नाही, तेव्हा तूही पोटात ठेव.

गाडी ह्यांनी सेकंडहँड घेतलेली. तेव्हा हिंजवडीत रोज एक नवी कंपनी उघडायची आणि प्रत्येक कंपनीला खुर्च्या लागायच्याच. हे त्या पोचवायचे. कधी यायला उशीर झाला तर म्हणायचे, कात्रजला ट्रॅफिक होतं. आता हिंजवडीहून कर्वेनगरला येताना कात्रज कुठून लागतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ताटावर बसलेल्या माणसाला काय विचारायचं?

हे गेले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, तर कावळे भिंतीवर बसून राहिले. एकही खाली येईना. दीर, म्हणजे महिपती भाऊजी, हात जोडून म्हणाले, तुझ्या लेकीला, चैतालीला शिकवू. मग म्हणाले, आईला सांभाळू. कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, जणू ह्यांची इच्छा मीच पदराखाली दडवून ठेवलीय. माझ्या ओठांवर एक नाव आलं होतं. आनंदी. फोनवर हे एकदा ते नाव हळू आवाजात बोलले होते, तेवढंच. चारचौघांत ते कसं उच्चारू? लाजेनं मान वर होईना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही उठलो.

परतताना भाऊजींनी गाडी चालू केली, आणि समोर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. तो विझेचना. गिऱ्हाईक आलेलं, त्यानं स्वच्छ सांगितलं, दिवा घालवून आणा, मग बोलू. चैतालीचं कॉलेज त्या विक्रीवर अडलेलं. म्हणून मी आणि भाऊजी गाडी घेऊन कात्रजला मच्छिंद्रच्या गॅरेजवर गेलो. मच्छिंद्र म्हणजे ह्यांचा जुना दोस्त.

भर दुपार होती, पण पत्र्याच्या शेडमध्ये अंधारच. जळक्या ऑइलचा वास. शेजारी कुणीतरी लोखंड कापत होतं, त्याची किरकिर. मच्छिंद्रनं स्टिअरिंगखाली मशीन जोडलं, स्क्रीनकडे बघितलं, परत जोडलं. म्हणाला, इंजिनात काही फॉल्टच दाखवत नाही. एक सेन्सर बदलला. दिवा जळतोच. मग म्हणाला, बॅटरीचं कनेक्शन तोडू, सगळं पुसलं जाईल. त्यानं बॅटरीची वायर काढून हातात धरली.

हॉर्न वाजेना. हेडलाइट लागेना. पिवळा दिवा मात्र जळत होता...

शेजारची किरकिर थांबली. ऑइलच्या वासात दुसराच वास मिसळला, गार भाताचा आणि काळ्या तिळांचा. भाऊजी म्हणाले, मी जरा चहा सांगून येतो. शूर माणूस. रस्त्यापलीकडे जाऊन जो उभा राहिला, तो परत आलाच नाही.

मी ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसले. सीट गरम होती, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. मी हात जोडले. म्हटलं, चैताली शिकेल. दिवा तसाच. सासूबाईंना अंतर देणार नाही. तसाच. मग दिव्याजवळ तोंड नेऊन पुटपुटले, "आनंदीला... वाऱ्यावर सोडणार नाही."

खोटं कशाला बोलू, नीरजा? तेव्हा मनात म्हणत होते, देवा, हा जळत राहू दे. वायर उंदरानं कुरतडलेली असू दे. माझा संशय खोटा ठरू दे.

दिवा विझला.

बाई गं, काय लाज वाटली म्हणून सांगू! चूक त्यांची आणि तोंड लपवत होते मी. संसारभर जे बायकोला सांगितलं नाही, ते त्या माणसानं एका दिव्याकडून कळवलं. मच्छिंद्र खाली फरशीकडे बघत होता. म्हणजे त्याला ठाऊक होतं. कात्रजला सगळ्यांनाच ठाऊक असेल. आणि मी इकडे त्यांच्या शर्टांना इस्त्री करत होते.

उतरायला पाय खाली टाकला, तर दिवा पुन्हा लागला. वायर अजून मच्छिंद्रच्या हातातच होती.

"मच्छिंद्रभाऊ... आता काय राहिलं?"

त्यानं मान वर केली नाही. "वहिनी... त्या दोघांना मुलगी आहे. तुमच्या चैतालीपेक्षा मोठी."

मोठी. आणि चैताली तर लग्नानंतर वर्षभरातच झालेली. म्हणजे मी ह्या घरात यायच्या आधीपासून. त्या दोघांत तिसरी मीच की.

त्या मुलीच्या नावानं एक शब्द द्यायचा होता, बस. मला तो देता आला नाही. भाऊजींना सांगितलं, मोठं काम निघालंय, आणि बसनं घरी आलो. गिऱ्हाईक गेलं. चैतालीनं साध्या कॉलेजात नाव घातलं. ती मला काही विचारत नाही, त्याचीही लाजच वाटते.

गाडी तिथंच उभी आहे. मच्छिंद्रनं बॅटरी काढून वेगळी ठेवलीय. अधूनमधून त्याचा फोन येतो, वहिनी, दिवा जळतोय. मी हो म्हणते आणि ठेवते. आनंदीसाठी दिलेला शब्दही तसाच पडलाय. काल मात्र तो हळूच म्हणाला, "वहिनी... आता त्याच्याशेजारी अजून एक लागलाय."