साडेतीनचा पाहुणा

भिमाजी दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होता. खाऊच्या पानांचे करंडे, लिंबांची पोती, गोणपाटात शिवलेल्या सायकली असं काय काय तिथं येई. कुठून आलं नि कुठं निघालं ते लिहून प्रत्येकावर चिठ्ठी डकवायची, एवढंच त्याचं काम. पण सात वर्षांत त्याच्या हातून एकही नग चुकीच्या गाडीत चढला नव्हता. सकाळी दहाला जायचं, संध्याकाळी सहाला सायकलवरून परत. बुद्धविहाराच्या मागल्या आळीत दोन खोल्यांचं घर होतं. आळीतल्या बायका त्याच्या सायकलच्या घंटीवर चुली पेटवत.

त्याची बायको अंजना केंदूरची. चौथी शिकून आलेली. भिमाजीनं तिला रोज संध्याकाळी समोर बसवून शिकवली आणि सातवीच्या परीक्षेला बसवली. ती पास झाली तेव्हा त्यानं ऑफिसात पेढे वाटले. "बायकोला मी शिकवली," हे तो चारचौघांत हटकून सांगायचा. अंजना ऐकायची.

दुष्काळ सरला त्या वर्षी, त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर दोघं केंदूरहून परतत होते. शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर पुस्तकांची एक मोटार उभी होती. रशियन पुस्तकं, मराठीत केलेली. कागद गुळगुळीत, पुठ्ठा दणकट, किंमत अगदी मामुली. अंजनानं त्यातलं सगळ्यांत जाड उचललं.

"येवढं व्हईल का वाचून?" भिमाजीनं हसत विचारलं.

"बगू की," ती म्हणाली. दौंड येईपर्यंत पुस्तक तिच्या मांडीवर होतं आणि न्हावऱ्याच्या पुढं तर तिनं खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही.

मग दुपारच्या वाचनाची रीतच पडली. शेजारची कुशाबाई आणि आणखी दोघी-तिघी सुपात ज्वारी घेऊन ओसरीवर येत. त्या निवडत बसत, अंजना वाचत बसे. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या रशियातली. बर्फाच्या मुलखात एक डॉक्टर, त्याची तरुण बायको, आणि वादळात अडकून त्यांच्याकडे थांबलेला एक पाहुणा, जमीन मोजणारा. त्यांची नावं एवढी लांबलचक की बायकांनी ती टाकूनच दिली. त्यांच्या तोंडी डाक्टर, डाक्टरीण आणि पाव्हणा.

भिमाजीला कौतुक वाटलं. पण डिसेंबर लागला तशी एक गोष्ट त्याला खुपायला लागली. सायकल टेकवतो न टेकवतो तोच कुशाबाई कुंपणापलीकडून विचारायची, "अंजने, उद्या येनार न्हवं पाव्हणा?" आणि अंजना हसायची. ते हसणं त्याच्या ओळखीचं नव्हतं.

एकदा जेवताना त्यानं विचारलं, "कोन हाय गं तो? काय करतो येवढं?"

"काय न्हाई. येतो, बसतो."

"आन्?"

अंजनानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "च्या पिताना पेला दोन्ही हातांनी धरतो. हात गार पडलेले आसत्यात ना. डाक्टरीन बोलती तवा मान खाली घालून ऐकतो. मधी बोलत न्हाई. ती काय बोलली ते दुसऱ्या खेपंला त्याच्या ध्यानात आसतं."

भिमाजी आपल्या हाताकडे पाहत राहिला. हे हात चहाचा कप कसा धरतात, हे हिला सांगता येईल का? विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण लाज वाटली. कागदावरच्या माणसाचा काय हेवा करायचा?

तरी दुसऱ्या दिवशी तिच्या नकळत त्यानं पुस्तक पिशवीत टाकून ऑफिसात नेलं. मग सकाळी न्यायचं आणि दुपारी जेवायला आलं की गुपचूप जागेवर ठेवायचं, असं करत आठ दिवसांत सगळं वाचून काढलं. पाहुणा तिसऱ्या प्रकरणात येत होता. वादळ होतं म्हणून एक रात्र राहिला, चहा प्याला, सकाळी बर्फ थांबल्यावर निघून गेला. पुढच्या साडेचारशे पानांत तो पुन्हा कुठंही नव्हता. होता तो डॉक्टरचा संशय. न आलेल्या माणसाच्या पावलांचे ठसे तो बर्फात शोधत होता, बायकोची पत्रं हुंगत होता आणि ती बिचारी वाळत चालली होती.

शेजारच्या टेबलावरचा हौसराव वाचणाऱ्यांतला होता. भिमाजीनं त्याला पुस्तक दाखवलं. "हौसराव, ह्यात तो पाव्हणा पुन्यांदा येतो का कुठं? तुम्ही वाचलंय न्हवं?"

"न्हाई येत. तीच तर गंमत हाय," हौसराव म्हणाला. "पाव्हणा कवाच गेला. डाक्टरच त्याला घरात धरून बसलाय."

त्या दिवशी भिमाजीनं आपण पुस्तक वाचल्याचं सांगून अंजनाला सरळ विचारलं, पाहुणा पुन्हा येतो तो कुठल्या पानावर? तिनं शांतपणे पुस्तक आणलं. "तुम्ही घाईनं वाचलं आसंल," म्हणाली, आणि मधलंच पान उघडून ओळीखाली बोट धरून वाचू लागली. वाचताना तिची भाषा पुस्तकी व्हायची, शिकवल्यासारखी.

"'पाहुण्याने हातमोजे काढून खिडकीत ठेवले. तुम्ही आज थकलेल्या दिसता, तो म्हणाला.'"

भिमाजी तिच्या मागं वाकून उभा होता. तिच्या बोटाखालच्या ओळीत घोड्याला नाल ठोकायचं लिहिलं होतं. वरच्या ओळीत तेच, खालच्या ओळीतही तेच. तिचं बोट अक्षराअक्षरानं सरकत होतं. डोळे ओळीवरून हलत नव्हते.

"आलं का ध्यानात?" तिनं वर पाहून विचारलं.

तो हं म्हणाला. ही मनानं रचून सांगते, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पण मग त्याला झोप लागेना. छापलेला माणूस परवडला असता. हा तर तिनं स्वतः घडवला होता, हवा तसा.

जानेवारीत एका सकाळी तो सायकल पुसत होता. कुशाबाई पाणी घेऊन येत होती. "भावजी, तुमचा पाव्हणा लई गुणाचा हाय बगा," ती म्हणाली. "वहाना भाईर काढतो. मान खाली घालून येतो, तसाच जातो."

"गोष्टीतला व्हय?"

"गोष्टीतला कुठनं? काल आलेला. साडेतीनला. आमी उठलो आन् त्यो आला." हंडा दुसऱ्या कडेवर घेत ती चालती झाली.

भिमाजीनं घरात येऊन विचारलं. अंजना खरोखरीच गोंधळली. "कोन पाव्हणा? काल कुनीच आलं न्हाई." ती खोटं बोलत असती तर त्याला कळलं असतं. खोटं बोलताना तिचा आवाज बारीक होई, हे एवढं त्याला तिच्याबद्दल ठाऊक होतं.

पण मोरीत पाहुण्यांसाठी ठेवलेले दोन कप विसळून पालथे घातले होते. दाराजवळची खुर्ची खिडकीपाशी सरकली होती. भिमाजीनं बसायच्या जागी हात ठेवला. त्या तेवढ्याच फळीला ओल्या दगडासारखा गारवा होता.

त्यानं पुस्तक उचललं. ऑफिसात नेऊन जुन्या कागदात गुंडाळलं, सुतळीनं बांधलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा एका नगावर खोटी चिठ्ठी डकवली. कुठल्यातरी लांबच्या स्टेशनचं नाव, घेणाऱ्याचं नाव मनचं. मनमाडकडं जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, गार्डाच्या पार्सलच्या डब्यात, त्यानं ते स्वतः चढवलं. गाडी दिसेनाशी होईतो प्लॅटफॉर्मवर उभा राहिला.

अंजनानं पुस्तक शोधलं नाही. कुठं गेलं म्हणून विचारलंही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आलेला भिमाजी ऑफिसात परत गेलाच नाही. आळीच्या टोकापर्यंत जाऊन मागं फिरला आणि घराच्या बाजूच्या भिंतीशी उभा राहिला. ओसरीवर सुपं पाखडल्याचा आवाज येत होता. त्यानं हळूच डोकावलं. अंजना उंबऱ्यावर बसली होती. हात मांडीवर, तळवे उघडे, रिकामे. नजर तळव्यांवर. आणि ती त्याच पुस्तकी आवाजात वाचत होती.

"'नवरा आता वेळी-अवेळी घरी येऊ लागला. भिंतीशी उभा राहून तो कान देत असे. आपल्याच घराच्या दाराची कडी त्याला वाजवावी लागेल, तो दिवस आता लांब नव्हता.'"

"आन् मग?" कुशाबाईनं विचारलं.

अंजनानं रिकामे तळवे मिटले. "उद्या."

दुसऱ्या दिवशी भिमाजीनं हौसरावला सांगून अर्धी रजा टाकली. सायकलची घंटी ऐकू जाईल म्हणून सायकल ऑफिसातच ठेवली आणि चालत निघाला. आज जो कोणी येईल त्याला दारातच धरायचा. ऊन चांगलं तापलं होतं, तरी त्याची बोटं गारठून आखडल्यासारखी झाली होती. आळीत शिरला तेव्हा बायका सुपं घेऊन आपापल्या घरी निघालेल्या. कुशाबाई समोरून आली. तिनं त्याच्याकडे पाहून पदर सावरला आणि वाट दिली. भावजी म्हणाली नाही.

दार बंद होतं. आतून लावून घेतलेलं. त्यानं बाहेरची कडी वाजवली.

अंजनानं दार उघडलं. त्याला पाहताच तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. परक्या माणसासमोर ओढतात तसा.

"या. बसा," ती म्हणाली. "ते ड्युटीवर गेल्यात. सहाला येतील."

"अंजना, मी हाय."

"व्हय. बसा ना."

तिच्या आवाजात भीती नव्हती. आवाज बारीकही झाला नव्हता. भिमाजीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. पाहुण्यांबद्दल असते तेवढी आस्था तिथं होती. त्याहून जास्त काही नव्हतं.

तो खिडकीपाशी खुर्चीवर बसला. त्याला ओरडायचं होतं, तिचे खांदे धरून हलवायचं होतं. पण तिनं चहा आणून ठेवला, आणि त्यानं तो घेतला.

ती पाटावर बसून बोलू लागली. केंदूरच्या विहिरीबद्दल. तिला खरं तर आठवीला बसायचं होतं, त्याबद्दल. परीक्षा पास झाल्यावर पेढे वाटले, पण तिला कुणी विचारलंच नाही की तुला कसं वाटलं. भिमाजीनं हे कधीच ऐकलं नव्हतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मध्ये बोलला नाही. किती वेळ गेला, त्याला समजलं नाही.

खिडकीतलं ऊन सरकून गेलं.

आळीच्या टोकाशी सायकलची घंटी वाजली.

भिमाजीनं कान टवकारले. त्याची सायकल ऑफिसात होती. घंटी पुन्हा वाजली, जवळ. चाकांखाली खडी करकरली. ओसरीसमोर स्टँड लागल्याचा खट असा आवाज आला. कुंपणापलीकडून कुशाबाई म्हणाली, "आलात का भावजी?" आणि कुणीतरी तिला "व्हय" म्हणालं.

अंजना उठली. भिंतीवरच्या आरशात पाहून तिनं कपाळावरचं कुंकू सारखं केलं, मोकळी झालेली बट कानामागं घेतली. मग ती दाराकडे वळली, आणि भिमाजीला तिचा चेहरा दिसला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. या घटकेला बंद दाराच्या आत तिचा चेहरा असा उजळतो, हे त्यानं आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

"आले," ती हळूच म्हणाली, आणि कडी काढायला गेली.