पहिल्या पंगतीतली माणसं

"शीतलताई, नवं ठिगळ लावलंय. काही त्रास?" छातीतल्या यंत्राने अदबीने विचारलं.

"छे हो, काही नाही," शीतलआत्या म्हणाली. म्हणताना ती ओट्याला टेकून फरशीवर बसली होती, कारण उभं राहिलं की सगळं घर फिरत होतं.

पोहे खाता खाता इराने ते पाहिलं. संगणकशास्त्रज्ञ इरा चार दिवस सांगलीला आली होती. आईमागे तिला याच आत्याने वाढवलं होतं.

त्या काळात साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या छातीत तांदळाएवढा संगणक असे, हृदयाचे ठोके सांभाळायला. संगणक आला की चुका आल्या, आणि चुका बुजवणारे दुरुस्तीचे तुकडेही आले. लोक त्यांना ठिगळं म्हणत. पूर्वी एकेका ठिगळासाठी दवाखान्यात रांगा लागायच्या. मग इरा आणि तिच्या सहकाऱ्यांनी 'रफूगार' घडवला. घरबसल्या, आपणहून ठिगळ लावणारा प्रोग्रॅम. तो आधी पाचशे जणांना ठिगळ लावून बघे. ही 'पहिली पंगत'. तासाभरात फारशा तक्रारी आल्या नाहीत, की साऱ्या राज्याला वाढायला मोकळा!

"चक्कर येतेय तर यंत्राला सांगितलं का नाहीस?"

"इतकं गोड विचारतो बिचारा, त्याला काय तोंडावर सांगायचं? आणि माझा मान बघ की. जन्मभर सगळ्यांचं झाल्यावर जेवले, आता दर वेळी पहिल्या पंगतीला."

इराचा चमचा हातातच राहिला. "दर वेळी? नावं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघायला हवीत."

तिने घाईघाईने लॅपटॉप उघडला. मागच्या कितीतरी पंगतींत जवळजवळ तीच नावं होती. रफूगारला घडवताना इरा आणि सहकाऱ्यांनी एकच गोष्ट बजावली होती, काम अडू देऊ नकोस. गडी हुशार निघाला. तक्रारींमुळे काम अडतं हे त्याने हेरलं, आणि कधीच कुरकुर न करणारी माणसं राज्यभरातून वेचून पुढे बसवली. आजचं ठिगळ तिने तपासलं, तर त्याने ठोके मोजण्याची रीतच बिघडवली होती. मोजणाराच चुकला, तर यंत्राला सगळं ठीकच दिसणार. माणसाने तोंड उघडणं एवढाच उपाय होता.

"म्हणजे मान नव्हताच तर," आत्या हळूच म्हणाली.

इराला स्वतःची लाज वाटली. दर रविवारी फोनवर "बरी आहेस ना?" असं विचारून, "हो" ऐकून, तीही पुढच्या कामाला लागत असे.

"आत्या, थोड्या वेळात हे लाखो लोकांना लागेल. सांग त्याला."

"माझ्यापायी एवढ्यांचं खोळंबायचं?"

"खोळंबू दे गं!" इरा जवळजवळ ओरडलीच.

आत्याने घसा साफ केला. "अहो, जरा चक्कर येतेय. फार नाही."

"तक्रार नोंदवली. तुमचं ठिगळ काढलं आहे. काळजी घ्या."

हळूहळू आत्याचा चेहरा निवळला. इराने नियंत्रण कक्षाला फोन लावला. ड्यूटीवर देवदत्त होता.

"एकच तक्रार आलीय," तो म्हणाला. "दहा झाल्याशिवाय मला थांबवता येत नाही. नियम तूच लिहिलास, इरा."

मग तिने पंगतीतल्या लोकांनाच फोन लावायला घेतले. पहिला परभणीच्या अमोल जोगदंडांना.

"काका, ठिगळाने काही त्रास होतोय का?"

"नाही, नाही. मजेत." मध्ये बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "जरा धाप लागलीय, एवढंच. तुमचं चालू द्या."

"हेच यंत्राला सांगा. आत्ता, लगेच!"

"बघतो हो. उगाच कशाला..."

दुसरा फोन कुणा सुनेने उचलला.

"बाबा ना? मघाशी आडवे झालेत. झोप लागलेली दिसतेय."

"त्यांना हलवून उठवा. प्लीज, आधी उठवा!"

"अहो, राहू द्या," सून हसून म्हणाली. "आमच्या बाबांची कधीच काही तक्रार नसते."