अर्ध्या चटईखाली तिघं

डोंगरापलीकडच्या गावात सूर्य उगवायच्या आत पोचायचं, प्रमुखांच्या दारात चटईखाली मान घालून बसायचं, आणि मारायचं की माफ करायचं हे त्यांच्यावर सोडायचं. त्यांनी चटई उचलली, तर माफी. एवढीच आमची मोहीम!

कारण माझा चुलतभाऊ फेतू. त्यांच्याकडे पाहुणा गेला, तर प्रमुख खाली बसलेले असताना हा उभ्याने डुकराची तंगडी चघळत त्यांच्यासमोरून गेला. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही. त्यांचा पुतण्या सिआकी म्हणाला, "बस की रे, माणसासारखा!" फेतूने वल्ह्याने त्याचा जबडा मोडला. बसला मात्र नाही.

माफी मिळाली नाही तर ते आमचं गाव जाळणार होते.

लेओताकाका आमच्या घराण्याचे प्रमुख. आत्याने तीन वर्षं विणलेली चटई पाठीला बांधून ते पुढे चालले होते. ओल्या नेच्यांतून, लाव्ह्याच्या धारदार दगडांवरून चढताना आमचे तळवे सोलून निघाले.

"काका, भूक लागलीय," मागून फेतू म्हणाला.

"चालता चालता खाल्लंस, तर जबडा मी मोडीन."

तेवढ्यात झुडूप फुटलं. रानडुक्कर! त्याच्या धडकेने काका आडवे झाले. सुळा मांडीत घुसला. रक्ताची चिळकांडी! मी दगड घातला. फेतूने मानेवर कोयता हाणला. एकदा! दोनदा! तिसऱ्यांदा पातं हाडात अडकलं. डुक्कर मेलं, पण अर्धी चटई फाडून.

"काका, पाय..."

"पाय मरू दे! चटई बघ!"

काकांना दोन्हीकडून धरून नेलं, आणि उजाडायच्या आत आम्ही त्या दारात बसलो. चटई एकाच डोक्यापुरती उरली होती.

"माझ्यावर घाला," काका म्हणाले. "चूक घराण्याची आहे."

गावकऱ्यांचे दगड आले. एक माझ्या खांद्यावर, दोन फेतूच्या कपाळावर. तो हलला नाही. गदा घेतलेला एक जण धावत आला, तोच म्हातारे प्रमुख बाहेर आले. त्यांनी चटई उचलली. खाली काका, रक्ताच्या थारोळ्यात, ताठ मांडी घालून.

"जेवलात का?" प्रमुखांनी विचारलं.

सुटलो!

काकांची मांडी बांधली गेली. जबडा बांधलेला सिआकी स्वतः नारळाच्या दुधातली अळूची पानं घेऊन आला. प्रमुख समोर बसलेले असताना दोन दिवसांचा उपाशी फेतू वाडगा घ्यायला उठू लागला. गदावाल्याची मूठ आवळली. मी त्याला खाली ओढलं, सगळा जोर लावून! फेतूची लुंगी माझ्या हातात आली.

पण फेतू बसला.

सिआकी हसला आणि जबडा धरून किंचाळला.