लोरेटाच्या हातची धार

तो दिवा जरा बारीक करा रे, डोळ्यांवर येतोय. मासे आज लागत नाहीत, तर उगाच तळ्यावरच्या बर्फाला आणखी भोकं पाडत बसू नका. ऐका.

स्टॅन ह्रुबीला तुम्ही पाहिलेलं नाही. क्लीव्हलंडच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर होता. त्याची बायको लोरेटा पलीकडच्या खोलीत, धार लावायच्या ग्राइंडरवर. सगळ्यांच्या ड्रिलना धार तीच लावायची. स्टीलची वेगळी, अॅल्युमिनियमची वेगळी. पितळेसाठी तर लावलेली धार पुन्हा जराशी मारावी, म्हणजे बोथट करावी लागते, नाहीतर ड्रिल आत घुसतं आणि पत्रा गरगर फिरवतं. स्टॅन हे हमखास विसरायचा आणि पितळेवर धारदारच ड्रिल लावायचा. मग ती सगळ्यांदेखत ओरडायची, "डोक्याला धार नाही, ती ड्रिलमध्ये भरतोस होय रे?" आम्ही पोट धरून हसायचो. तोही हसायचा.

गेल्या नोव्हेंबरात ती गेली. दफन शनिवारी सकाळी होतं. शवपेटीवरची पितळी पाटी मीच करणार, असा स्टॅनचा हट्ट. शुक्रवारी रात्री अकराला किल्ली घेऊन तो एकटाच कारखान्यात गेला. नाव कोरून झालं होतं. स्क्रूची भोकं तेवढी पाडायची, आणि स्क्रूची डोकी आत बसावीत म्हणून भोकांची तोंडं रुंद करायची.

आधी एका टाकाऊ पितळी तुकड्यावर करून पाहिलं. ड्रिल घुसलं, तुकडा फिरला, हात कापला. पाटी तर एकच होती. त्यानं स्वतः धार मारून पाहिली. जमेना. तो तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"लोरे," तो म्हणाला, "मला नाही गं येत."

पलीकडच्या खोलीत ग्राइंडर सुरू झाला.

दिवा बंद होता तिथला. दार लोटलेलं.

"कोण आहे?"

थोड्या वेळानं आवाज थांबला. स्टॅननं मागे वळून पाहिलं. टेबलावर ड्रिल होतं. धार मारलेलं.

त्यानं ते लावून भोकं पाडली. पाटी जागची हलली नाही. तोंडंही सुरेख रुंदावली.

"लोरे... थांब ना जराशी."

ग्राइंडर पुन्हा सुरू झाला.

रात्रभर तो दाराला पाठ लावून बसला. नंतर मी विचारलं, "अरे, दार उघडून बघितलं नाहीस?" तर म्हणाला, "उघडलं असतं तर ती गेली असती. आवाज होता तोवर होती ना."

उजाडताना आवाज थांबला. मग त्यानं दार ढकललं.

कोणी नव्हतं.

माहेरी जाणारी बाई नवऱ्यासाठी जेवण करून झाकून ठेवते ना, तशी ड्रिलं मांडलेली होती. एकेका धातूची वेगळी, फडक्यात गुंडाळलेली. त्याला जन्मभर पुरतील एवढी. त्यानं शेवटचं उचललं.

अजून कोमट होतं.