बाजूला बसायचे दिवस

संदेश मिठाईचा डबा रिकामा होता, आणि नलिनीबाईंच्या लेकीला, आरतीला, बघायला आलेली मंडळी बाहेरच्या खोलीत बसली होती.

"कुणी खाल्ले?" नलिनीबाईंनी दबक्या आवाजात विचारलं. नजर मात्र सुनेवरच होती.

"मी खाल्ले, आई," श्यामला म्हणाली.

खोटं बोलायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं... सकाळपासून छातीत नुसती धडधड होती, आज काहीतरी वाईट घडणार, माझ्याच हातून घडणार, असं व्याकुळ मन सारखं बजावत होतं, आणि ती धडधड थोपवायला तिने ओट्यापाशी उभ्याउभ्या एकामागून एक संदेश तोंडात कोंबले होते, चव न कळता, रडत रडत. पाळी जवळ आली की दर महिन्याला हे असंच. कधी मुरमुरे, कधी गार पोळ्या, कधी नुसती साखर... आणि मग स्वतःची इतकी किळस, की आरशासमोर उभं राहवत नसे.

तिच्या नवऱ्याने, परागने, कोपऱ्यावरून रसगुल्ले आणून वेळ निभावली. पण पाहुणे गेल्यावर नलिनीबाई म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या शुभकार्यात तरी जिभेला आवर घालायचास गं."

श्यामलाने पिशवीत दोन साड्या भरल्या. आपल्यामुळे नणंदेचं लग्न अडायला नको, ते पार पडेपर्यंत बराकपूरला भावाकडे, उदयदादाकडे राहावं... त्या थकलेल्या अंतःकरणाला एवढंच सुचलं.

दारात मानसी आडवी उभी राहिली. तिची दहावीतली लेक, हल्ली कुणालाच न घाबरणारी.

"आजी, पाळी आली की तू आईला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीस ना?"

"आपल्याकडे पाळतात बाई. तेवढाच तिला आराम."

"पण तेव्हा ती मस्त असते गं. गॅलरीत बसून आमच्या बाईंची नक्कल करते. त्याच्या आधीचे दिवस बघ ना. घाबरते, रडते, काहीही खात सुटते. तू चुकीच्या दिवसांत आराम देतेस तिला."

"हळू बोल. तुझे बाबा आहेत बाहेर."

"असू देत. त्यांनाही कळू दे."

नलिनीबाईंना आठवलं. गेल्या महिन्यात वरणाचं पातेलं हातून पडलं म्हणून श्यामला किती वेळ हुंदके देत होती, आणि दोनच दिवसांनी बाजूला बसल्यावर खळखळून हसली होती. तेव्हा त्या मनात म्हणाल्या होत्या, नाटकी आहे... तो शब्द आता त्यांच्याच काळजात रुतला.

"मला सांगायचंस तरी," त्या सुनेला म्हणाल्या.

"काय सांगू, आई? मला वाटायचं, मीच वाईट आहे..."

नलिनीबाईंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी येते. आणि या दिवसांत स्वयंपाक माझ्याकडे, तू बस बाजूला."

"आणि पाळी आल्यावर?" मानसीने सोडलं नाही.

नलिनीबाईंनी एकदा देव्हाऱ्याकडे बघितलं.

"मग ती करेल," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी जेवेन."

त्यांनी वरणभाताचं ताट वाढून सुनेपुढे ठेवलं. श्यामला त्या दिवशी पहिल्यांदाच बसून जेवली... सावकाश. वरणात मीठ जरा कमी होतं, तेही तिला कळलं.