पाण्यातल्याचा पेला

मी दारू पीत नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणीही पहिला प्रश्न तोच विचारेल. आमचं जैन घर. पाणीसुद्धा गाळून पितो. शिवाय मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आहे. ज्यांना भुतं दिसतात ते एकतर प्यायलेले असतात, नाहीतर त्यांना ती दिसायलाच हवी असतात, असं माझं मत होतं. आजही ते फारसं बदललेलं नाही.

तरी हे घडलं.

सन १९४६. चैत्रातला शनिवार आणि रविवार. गाव सांगली. रात्र नव्हती, वादळ नव्हतं. लख्ख ऊन होतं.

क्रॉली साहेब कालव्यांच्या खात्यातून निवृत्त होऊन साताऱ्यातच राहिला होता. विलायतेत त्याला थंडी वाजायची, असं तो सांगे. तिथं त्याला सलाम ठोकायला कुणी नव्हतं, हे खरं कारण. इतक्या वर्षांत मराठीतले फक्त हुकूम शिकलेला हा माणूस शनिवारी आगगाडीने सांगलीला उतरायचा आणि एका गुत्त्यातून दुसऱ्यात फिरत राहायचा. त्याला तो 'दौरा' म्हणायचा.

त्या दौऱ्यात मी कसा?

पुण्याजवळच्या एका सरकारी प्रयोगशाळेचा मुख्य त्याचा जुना दोस्त होता. तिथली एक जागा मंगळवारी भरणार होती. ती गेली असती तर वडील मला हळदीच्या अडतीवर बसवणार होते, कायमचं.

"शनिवार-रविवार माझ्याबरोबर चल," साहेब म्हणाला होता. "सोमवारी मी स्वतः जाऊन तुझं सांगतो."

म्हणजे सोमवारपर्यंत या पिंपाला उभं ठेवणं, एवढंच माझं काम होतं.

शनिवारी दुपारी पहिला मुक्काम केरबाचा गुत्ता. कृष्णेच्या काठावर, नावेच्या उताराजवळ. दाराबाहेर, नदीच्या बाजूला एक सपाट दगड होता. त्यावर दारूने भरलेला पेला ठेवलेला.

शेजारी चार-पाच जण तहानलेले बसले होते. त्या पेल्याकडे कुणी बघतही नव्हतं.

"हे कुणाचं?" साहेबाने माझ्याकरवी विचारलं.

"पाण्यातल्याचं, सायेब," केरबा म्हणाला. "नदीत गेली आन् घावली न्हाईत, त्येंचं. रोज पयला पेला त्येंचा. दिस बुडताना पाण्यात वतायचा. मगच आमी घरला जातू."

"आणि नाही ओतला तर?"

"तसं कवा झालं न्हाई."

साहेब हसला. दगडाजवळ गेला. पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

बसलेले सगळे उठून मागे सरकले.

"आवं, हे काय केलंसा?" केरबा पुढे धावला. "आता त्येंच्यातला कुनी तुमच्या मागं ईल. आपला वाटा मागाया. तुमी आपल्या पेल्यातलं त्येला द्या, सायेब. आत्ताच द्या. पाया पडतो."

मी ते इंग्रजीत सांगितलं, शब्द न् शब्द.

"त्याला म्हणावं, रांगेत उभा राहा," साहेब म्हणाला.

खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. एका बाजूला नदीला दारू पाजणारे अडाणी, दुसऱ्या बाजूला मेलेल्याचं पिणारा साहेब. दोघांत अधिक हास्यास्पद कोण, ते ठरवता येईना.

संध्याकाळी स्टेशनाजवळच्या पारशाच्या दुकानात गेलो. टेबलाशी आम्ही दोघं. नोकराने साहेबापुढे व्हिस्की ठेवली. माझ्यापुढे सोडा.

आणि तिसऱ्या खुर्चीपुढे...

आणखी एक व्हिस्की.

"ही कुणी मागवली?" मी विचारलं.

"हे काय, ह्या साहेबांनी." त्याने खुर्चीकडे बोट केलं. मग डोळे चोळले. "आत्ता तर बसले होते..."

नोकराने मालकाच्या बाटल्यांतलं चाखलेलं दिसतंय, अशी मी मनात नोंद केली. साहेबाने तो पेलाही आपल्याकडे ओढला आणि पिऊन टाकला.

खुर्चीच्या बैठकीवर ओल होती. मी बोट लावून पाहिलं. पाणीच. कुणी सोडा सांडला असेल.

रविवारी दुपारी राहीबाईच्या शिंदीच्या दुकानात. झोपडीबाहेर बाकडं. आम्ही बसलो तशी राहीबाई तीन कल्हईचे पेले घेऊन आली. मी पीत नाही म्हटल्यावर माझा तेवढा परत घेतला. दोन ठेवले.

एक साहेबापुढे. दुसरा बाकड्याच्या मोकळ्या टोकाला.

"बाई, आम्ही दोघंच आहोत," मी म्हणालो.

"मग ह्यो कोन?" ती चिडून म्हणाली. "आवं, त्येला अंग तरी पुसाया सांगा की! बाकडं समदं भिजवून ठिवलं."

बाकड्याच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं. थेंब... थेंब... थेंब...

मी मान वर केली. छप्पर कोरडं. आभाळ कोरडं. बाईचा घडा पार आत, चुलीपाशी.

साहेबाने रागाने दुसरा पेला उचलला, आणि थांबला.

पेला रिकामा होता.

तो तिने माझ्यासमोर भरला होता. मी नजर काढली नव्हती. शिंदी इतक्या लवकर उडून जात नाही. ऊन कितीही असो.

तळाला काहीतरी होतं. मी पेला हातात घेऊन कलता केला.

काळसर, बारीक, ओली वाळू.

साहेबाचं तोंड पांढरं पडलं. मग लाल झालं. "तो केरबा!" तो ओरडला. "त्याने सगळ्यांना शिकवून ठेवलंय. मला घाबरवतो?"

मलाही तेच पटत होतं. त्याहून बरं कारण माझ्याजवळ नव्हतं.

टांग्याने आम्ही परत नदीवर आलो. केरबाने हात जोडले. "देवाशपथ सांगतो सायेब, मी कुनालाबी काय बोललो न्हाई. एक पेला द्या त्येला. एकच."

"बाटली आण," साहेब म्हणाला. "आणि दोन पेले. त्या दगडावर बसतो मी. येऊ दे त्याला. समोरासमोर बसून पिऊ."

ऊन कलायला लागलं होतं. सूर्य मावळला की आम्ही जेवत नाही. गावभागात गुणमाला आत्याचं घर हाकेच्या अंतरावर होतं. पात्रात पाणी गुडघ्याएवढंच. साहेब फार तर दगडावर झोपला असता.

"केरबा, लक्ष ठेव," म्हणून मी जेवायला गेलो.

परत आलो तेव्हा काठावर माणसं जमली होती.

साहेब पाण्यात पालथा पडलेला होता. गुडघाभर पाण्यात.

"माझी नदर हुती, जी," केरबा सांगत होता. "बसला हुता. हसत हुता. कुनासंगं तरी बोलत हुता. मग उठला आन् चालत गेला... कुनाच्या तरी खांद्यावर हात टाकल्यागत..."

दगडावर दोन पेले होते. साहेबाचा भरलेला. दुसरा रिकामा.

वाळूत बुटांचे ठसे पाण्याकडे गेले होते. शेजारी दुसरे ठसे मी शोधले. नव्हते. केरबा खोटं बोलतो, असं मी स्वतःला सांगितलं. त्याने बरं वाटलं नाही.

सोमवारचा सगळा दिवस पोलीस पंचनाम्यात गेला. माझी जागाही नदीत गेली होती. तरी रात्रीच्या गाडीने निघालो. दोस्त मेल्याचं त्या मुख्याला कळवावं, जमलं तर आपलं आपणच विचारून बघावं, एवढ्यासाठी.

मंगळवारी सकाळी त्याने मला आत बोलावलं. नाव सांगायच्या आधीच तो म्हणाला, "श्रेणिक तूच ना? तुझं काम झालंय. काल क्रॉली येऊन गेला."

मी वार बोटांवर मोजले.

"काल... सोमवारी?"

"सकाळीच. आंघोळ करून अंग न पुसता आल्यासारखा. गालिचा नासवला माझा. तुझ्याबद्दल बोलला आणि निघून गेला."

"एकटेच होते?"

"एकटाच." त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "शिपायाने दोन खुर्च्या मात्र का मांडल्या, कोण जाणे."

मी खाली पाहिलं. गालिच्यावर वाळू होती. काळसर, बारीक.

मी काही सांगितलं नाही. सही केली आणि रुजू झालो.

क्रॉलीने जिवंतपणी कुणाला दिलेला शब्द पाळल्याचं मी ऐकलेलं नाही. हा एक पाळला.

याला आता तीन वर्षं झाली. मुख्य विलायतेला निघून गेला. मी इथंच आहे. सकाळी स्पिरिटची बाटली उघडली की पहिला छोटा पेला भरून खिडकीत ठेवतो. सोबतचे हसतात. हसू देत. त्यांच्या जागी मीही हसलो असतो.

संध्याकाळी पेला रिकामा असतो. त्यात नवल नाही. स्पिरिट उडून जातं, हे मी कुणालाही सिद्ध करून दाखवीन.

मग मी पेला धुवायला घेतो. तळाची वाळू आधी बोटाने काढावी लागते.