दुपारची माहेरवाशीण

मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता शहराबाहेरच्या बेसा वस्तीतल्या त्या लेआउटमध्ये रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. सगळी दारं बंद, पडदे ओढलेले, आणि खिडक्याखिडक्यांतून कूलरची घरघर. अशा वेळी प्रेमिलाबाई डोक्यावरून पदर घेऊन, हातात कैरीच्या पन्ह्याचा डबा घेऊन बाजूच्या घरी निघाल्या. काम एवढंच. डबा द्यायचा, दोन गोष्टी ऐकायच्या, परत यायचं.

"ह्या वक्ताले कुठं?" नवऱ्यानं, मनोहररावांनी, पडल्यापडल्याच विचारलं.

"पन्हं देऊन येतो."

"पन्हं देऊन येतं का बातम्या घेऊन येतं?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या.

खोटं कशाला सांगायचं, प्रेमिलाबाईंना चौकशीची सवयच होती. शिक्षण सातवीपर्यंत, पण कोणाकडे नवा फ्रिज आला, कोणाची सून रुसून गेली, हे त्यांना पडद्याच्या फटीतून आधी कळायचं. दीड वर्षापूर्वी शेजारचा बंगला कामिनी मॅडमच्या संस्थेनं भाड्यानं घेतला आणि 'ओसरी' अशी पाटी लागली, तेव्हा तर त्यांना झोप लागेना. बेघर गरोदर बायकांसाठीचं घर होतं ते. कोणाला नवऱ्यानं हाकललेलं, कोणाला बापानं, कोणी बसस्टँडवर सापडलेली. लेआउटमधले लोक नाकं मुरडत होते. प्रेमिलाबाईंनी पहिला आठवडा नुसतं पाहिलं, दुसऱ्या आठवड्यात विचारलं, आणि तिसऱ्यापासून त्या तिथल्याच होऊन गेल्या.

ओसरीचा एक नियम होता. दारात आलेल्या बाईला पहिल्या दिवशी काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, मुलाचा बाप कोण हे तर मुळीच नाही. पाणी द्यायचं, न्हायला पाणी काढायचं, जेवू घालायचं, खाट दाखवायची. प्रेमिलाबाईंना हा नियम फार जड जायचा. तोंड आवरायचं तर हाताला काहीतरी काम हवं, म्हणून त्यांनी आपली एक रीत त्याला जोडली होती. येईल त्या बाईची ओटी भरायची. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. तिथं स्वयंपाक करणाऱ्या तुळजाबाईंनी पहिल्यांदा हटकलं होतं.

"गळ्यात मंगळसूत्र नाही तिच्या. तिची कायची ओटी भरता?"

"पोटात जीव आहे ना? मंग झालं. ह्या पोरींले माहेर नाही वं. आजपासून आपन माहेर."

तेव्हापासून ओटीचं ताट दाराजवळच्या फळीवर तयार असायचं.

त्या दुपारी तुळजाबाई फाटकातच भेटल्या, पिशवी घेऊन निघालेल्या. मॅडम बाकीच्या पोरींना गाडीत घालून तपासणीला घेऊन गेल्या होत्या आणि त्यांतल्या दिपालीची फाइल घरीच राहिली होती. "फाइलीशिवाय डॉक्टर हात लावत नाही म्हनतात. मी आटोनं जाऊन येतो. अंजू एकटी आहे, पाय सुजले तिचे. तिच्यापाशी बसा जरा."

अंजू सावनेरकडची. वीस वर्षांची असेल. भावानं घराबाहेर काढलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली. तिचे दिवस भरले होते, आज-उद्या म्हणत होते. पन्ह्याचा पेला हातात धरून तिनं विचारलं, "आज कोनाची बातमी आनली मावशी?"

"आज बातमी नाही. लोक उन्हानं मुके झाले."

अंजू हसली, मग हसू विरलं. पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "मावशी, हे वाचन ना? सगळे गेले माहे. हे एकच आहे मले."

"वाचत कसं नाही? लाथा मारते ना?"

"लय मारते."

"मंग झोप गुमान."

अंजूला डोळा लागला आणि लाइट गेली. कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं. एवढा वेळ ज्या आवाजाकडे लक्षही नव्हतं तो बंद पडल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या टपटप गळत होत्या, तेवढाच आवाज. मग तोही थांबला.

आणि दारावर थाप पडली. जोरात नाही. तळहात नुसता ठेवून उचलावा तशी.

प्रेमिलाबाईंनी दार उघडलं. समोर बाई उभी होती. तिशीतली, अंगावर विटकी हिरवी साडी, पोट पुढे आलेलं. पाय अनवाणी. बाहेरच्या डांबरावर चप्पल घालूनही चटका बसत होता, आणि ही बाई त्या उन्हात देवळाच्या फरशीवर उभी असावी तशी उभी होती. कपाळावर घामाचा एक थेंब नाही.

"जागा आहे का… इथं?"

"ये माय, आत ये. उन्हात काहून उभी राहिली?"

बाई उंबरा ओलांडून आली आणि तिच्यासोबत एक वास आत आला. नव्या बांधकामावर पाणी मारल्यावर येतो तसा, ओल्या सिमेंटचा. कामावरची मजूर असेल, प्रेमिलाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. नियमाप्रमाणे त्यांनी तिला पाण्याचा तांब्या दिला. बाईनं तोंडाला लावला, बराच वेळ धरला, परत दिला. तांब्या होता तसाच काठोकाठ भरलेला होता. ऊन लागलेल्या माणसाला पाणी गिळवत नाही, हे प्रेमिलाबाईंना माहीत होतं. त्यांनी फळीवरचं ताट काढलं.

"पदर धर."

बाईनं पदर पसरला. प्रेमिलाबाईंनी कुंकू लावलं, ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. मग रीतीप्रमाणे तिच्या ओटीतले चार दाणे परत ताटात घ्यायचे म्हणून त्यांनी चिमूट भरली, आणि त्यांची बोटं तिथंच अडकली.

दाणे थंडगार होते. आत्ताच घातलेले कोरडे, खडखडीत तांदूळ भिजून फुगले होते, कित्येक दिवस पाण्यात पडून असावेत तसे. चिमटीत त्यांचा लगदा झाला.

घाबरल्यावर माणूस गप्प होतं म्हणतात. प्रेमिलाबाईंचं उलटं होतं. त्या घाबरल्या की विचारायच्या.

"कितवा आहे वं तुले?"

"नववा."

"नववा लागला… का भरला?"

बाईनं थोडा विचार केला. "नववाच आहे," ती म्हणाली. मग हळूच, "लय दिवसापासून… नववाच आहे."

बाई त्यांच्याजवळून पुढे गेली. आतली खोली कुठे, कोणी दाखवली नव्हती. ती सरळ अंजूच्या खाटेशी गेली आणि कडेला बसली. गादी जराही दबली नाही. तिनं उजवा हात उचलला आणि झोपलेल्या अंजूच्या पोटावर ठेवला.

"हिचं हालते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दुसऱ्याच्या घरचा पाळणा पाहून बोलावं तसा आवाज. "माहं नाही हालत. ही खाट मले द्या ना."

अंजूनं डोळे न उघडताच कूस बदलायचा प्रयत्न केला. तिला वळता येईना.

"मावशी… हात काढा ना. लय थंड आहे तुमचा." आणि थोड्या वेळानं, एकदम जागं झालेल्या आवाजात, पण डोळे अजून मिटलेलेच, "मावशी, बाळ हालून नाही राहिलं…"

प्रेमिलाबाई भिंतीला धरून दोन पावलं पुढे आल्या. "उचल हात, माय. तिले तेवढंच आहे."

"मले बी तेवढंच होतं."

"कोन आहे तू?"

बाईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी ओळखता," ती म्हणाली. "मागच्या खेपेले मी फाटकात आली होती… तवा तुमी पडदा सरकवला होता." तिनं अंगठा आणि बोट यांच्यात थोडी फट धरून दाखवली. "एवढासा."

अकरा वर्षं झाली होती. लेआउटमध्ये तेव्हा चारच घरं होती. अशीच मेमधली दुपार, मनोहरराव ड्यूटीवर, आणि फाटकाशी कोणीतरी "बाई… वो बाई…" करत होतं. प्रेमिलाबाईंनी फटीतून पाहिलं होतं. अनोळखी बाई, दिवस भरलेले, एका हातानं फाटक धरलेलं. कोण कुठली, मागे काय लफडं असेल, कोणी अंगावर घ्यायचं? त्या पडद्यामागे उभ्या राहिल्या. बाईही उभी राहिली. बऱ्याच वेळानं ती कोपऱ्यावरच्या अर्धवट इमारतीकडे चालत गेली, तेही त्यांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या चौकीदाराला ती मेलेली सापडली, पाण्याच्या हौदाजवळ. साऱ्या लेआउटच्या बातम्या साऱ्या लेआउटला सांगणाऱ्या प्रेमिलाबाईंनी ही एक गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

"मावशी…" अंजूच्या ओठांचा रंग उतरत चालला होता. "बाळ…"

पुढचं प्रेमिलाबाई विचार करून बोलल्या नाहीत. तोंडातून निघून गेलं.

"इथं नको. माह्या घरी चाल."

बाईनं पोटावरचा हात काढला नाही.

"तुही ओटी भरली ना मी आत्ता? मंग मी तुहं माहेर. पहिलं बाळंतपन माहेरीच होते वं, लोकाच्या खाटेवर काहून? माह्या घरी मागची खोली आहे. माह्या पोराची, अमोलची. रिकामी आहे." त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "आता दार लावनार नाही मी. हिले सोड."

बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी बदललं. तिनं ओटीचा पदर नीट खोचला, सासरहून निघालेल्या लेकीसारखा.

"माहेरी," ती म्हणाली. "मंग येतो मी."

"येतो" म्हटलं की "ये" म्हणायचं, एवढंच प्रेमिलाबाईंना आयुष्यभर ठाऊक.

"ये," त्या म्हणाल्या.

बाईनं हात उचलला. लाइट आली, कूलर धडधडून सुरू झाला, आणि अंजू ओरडत उठून बसली. "हाललं मावशी… किती जोरात लाथ मारली, पाहा." खाटेवर तिच्याशिवाय कोणी नव्हतं. प्रेमिलाबाईंनी तिला छातीशी धरलं आणि दोघीही रडल्या. अंजू का रडली ते तिला माहीत होतं. प्रेमिलाबाई का रडल्या ते तिनं विचारलं नाही. ओसरीचा नियमच होता तो.

दोन दिवसांनी अंजूला मुलगी झाली. गोरीगोमटी, रडकी, धडधाकट. तुळजाबाईंनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले, नाकं मुरडणाऱ्यांच्या घरी मुद्दाम दोन-दोन.

इकडे प्रेमिलाबाईंच्या घरात मागच्या खोलीची कडी बाहेरून लावलेली होती. पहिले काही दिवस दाराखालून नुसता ओल्या सिमेंटचा वास यायचा. मग एका सकाळी वास बदलला. ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, कोणीतरी निखाऱ्यावर टाकावी तशी. मनोहरराव नाकानं हवा ओढत म्हणाले, "बाजूची बाळंतीन आहे का आपल्या घरी?" प्रेमिलाबाई म्हणाल्या, वारं तिकडचं आहे. त्या दिवशी झाडाचं पानही हललं नव्हतं.

प्रेमिलाबाई तरी काय करणार? माहेर म्हटलं होतं. त्या रोज दुपारी तूप-भाताची एक ताटली मागच्या खोलीच्या दारापाशी ठेवायच्या आणि संध्याकाळी ती होती तशीच, पण बर्फासारखी गार, उचलायच्या. आतून कधी आवाज आला नाही. त्यांना वाटायला लागलं, हे असंच राहील, आणि असंच राहिलं तर चालेल. एकाच गोष्टीची त्यांनी काळजी घेतली. अंजूला मुलीसह आपल्या घरी पाऊल टाकू दिलं नाही. "सव्वा महिना झाल्याबिगर नाही," त्या सांगायच्या, आणि अंजू ऐकायची.

बाराव्या दिवशी त्यांनी स्वतः शिवलेलं पिवळं झबलं नेऊन मुलीला घातलं, तिची अलाबला घेतली आणि घरी येऊन थोडं पडल्या. उठल्या तेव्हा चार वाजले होते. मनोहरराव मागच्या अंगणातून आले.

"दोरीवर दुपटे कोनाचे वाळून राहिले गं?"

प्रेमिलाबाई अंगणात आल्या. दोरीवर तान्ह्या बाळाचे कपडे ओळीनं टाकलेले होते. दुपटी, लंगोट, टोपडं. त्या उन्हात जाड चादर पाव तासात कडक होते, पण हे कपडे टपटप गळत होते आणि खाली मातीत डबकं झालं होतं. ओळीच्या शेवटी, चिमट्यानं लावलेलं, पिवळं झबलं होतं. त्यांच्याच हातचा टाका.

त्या कुंपणाच्या भिंतीशी धावल्या. पलीकडे ओसरीच्या पडवीत अंजू केस विंचरत बसली होती, निवांत.

"अंजू… पोरगी कुठं आहे वं?"

अंजूनं फणी थांबवली आणि हसून त्यांच्याकडे पाहिलं. "असं काय करता मावशी? आत्ताच तर तुमी घेऊन गेल्या ना. न्हाऊ घालतो म्हनल्या."

प्रेमिलाबाई वळल्या, अंगण ओलांडलं, आणि मागच्या खोलीच्या दाराशी आल्या. कडी बाहेरून लावलेलीच होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"हळू वाजवा…" आतून कोणीतरी अगदी दबक्या आवाजात म्हणालं. "आत्ताच डोळा लागला… दोघींचा."